शकुंतलेचे फोटो पुरे, बनोसा स्टेशनचं काय ते सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात शकुंतलेचा, म्हणजे आमच्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेगाडीचा, परत एकदा फोटो आला. गवतात बुडालेले रूळ, गंजलेली पाटी आन् खाली चार ओळी आठवणींच्या. फोटो चांगलाच आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण आम्ही दर्यापूर तालुक्यातले लोक आता हे फोटो पाहून पाहून कंटाळलो. ती गाडी म्हणजे जुन्या काळची गंमत होती असंच सगळे लिहून राहिले, आमच्यासाठी ती गंमत नव्हती जी, बाजाराला जायची सोय होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दर्यापूरच्या स्टेशनचं नाव बनोसा. मूर्तिजापूरहून अचलपूरला जी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळाची लाइन गेली, साधारण ७६ किलोमीटरची, तिच्यावर लाखपुरी, बनोसा, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट अशी स्टेशनं. दुसरा फाटा मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला, तो ११३ किलोमीटर. १९१० च्या सुमारास किलिक निक्सन नावाच्या इंग्रज कंपनीनं सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून हे काम हातात घेतलं, ते काही आपल्या लोकांना फिरवायला नाही. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आन् तिथून मँचेस्टरला न्यायचा होता. नागपूरची मोठी लाइन १८६७ मधेच झाली होती, मूर्तिजापूर त्या लाइनवर, मग आतल्या गावांतला माल तिथपर्यंत आणायला ही छोटी लाइन. गंमत अशी की १९५१ च्या आसपास देशातल्या रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे वगैरे झाल्या तरी ही लाइन कंपनीचीच राहिली, गाडी चालवायची सरकारी रेल्वेनं आन् पैसे जायचे कंपनीला. त्या भानगडीत रुळावर खर्च कोणी करायचा हा प्रश्न कायम लोंबकळत राहिला असं माझं मत आहे.

गाडी हळू का चालायची याच्यावर लय जोक झाले, सायकलवाला पुढे जायचा वगैरे, ते आता बंद करा. आमची जमीन काळी, पावसाळ्यात फुगते आन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच्यावर शंभर वर्षांपूर्वीचा हलका रूळ, मग ड्रायव्हर गाडी पळवणार कशी? अचलपूरपर्यंत चार तास लागायचे. वाफेचं इंजिन १९२१ चं मँचेस्टरचं होतं, ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत चाललं, मग डिझेल आलं, तरी स्पीड काही वाढला नाही कारण रूळ तेच.

आन् स्टाफ किती? पुढे पुढे स्टेशनवर कोणी माणूसच ठेवला नाही. गाडीबरोबर जे पाच-सात जण यायचे तेच सगळं करायचे. फाटक आलं की गाडी थांबायची, एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन परत थांबायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. तिकीटसुद्धा गार्डच फाडायचा. बनोशाला गाडी आली की डब्यात आधी टोपल्या चढायच्या, वांगे, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिरवी मिरची, एखादी बकरी, आन् मग माणसं. कोणी कोणाशी जागेवरून भांडत नव्हतं असं मी म्हणणार नाही, चांगलं भांडण व्हायचं, पण टोपलीला जागा मिळायची. एसटीत टोपली टपावर टाका म्हणतात नाही तर नकोच म्हणतात.

आता खरं बोलतो, काही लोकांना आवडणार नाही. गाडी स्वस्त होती म्हणून परत सुरू करा, ही मागणी आज टिकत नाही. २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या वरच्या म्हाताऱ्या माणसांना त्याच्या आधीपासूनच फुकट आहे. तिकडे रेल्वेनं सिनियर सिटिझनची सवलत २०२० मधे बंद केली ती केलीच. मग चार तासाच्या गाडीत कोण बसंल? तसंच हेरिटेज म्हणून टॉय ट्रेन करा, पर्यटक येतील, मेळघाट जवळ आहे, असंही काही जण म्हणतात. पर्यटक दोन दिवस येईल, सेल्फी काढंल आन् जाईल. आम्हाला रोज जायचं आहे ना बाप्पा.

माझं म्हणणं एवढंच की ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या रुळाची लाइन करा आन् मूर्तिजापूरला मेन लाइनच्या गाड्यांशी जोड द्या. जोड नाही तर ब्रॉडगेजही रिकामीच पळंल. आमचे पोरं पुण्याला आहेत, कोणी कंपनीत कोणी शिकायला. महाराष्ट्र एक्सप्रेसनं किंवा दुसऱ्या कोणत्या गाडीनं मूर्तिजापूरला उतरले की पुढे घरी यायचं कसं हाच प्रश्न असतो. अवेळी गाडी आली तर ऑटोवाला म्हणंल तो भाव, नाही तर पहिली एसटी लागेपर्यंत बॅग उशाला घेऊन प्लॅटफॉर्मवर पडायचं. पुण्याहून मूर्तिजापूर सोपं आन् मूर्तिजापूरहून दर्यापूर अवघड असा उलटा कारभार आहे. म्हणून लोक दुप्पट पैसे देऊन ट्रॅव्हल्सनं येतात.

मालाचंही तेच. नॅरोगेज ७६२ मिलिमीटरची, मोठी लाइन १६७६ ची, म्हणजे इकडचा डबा तिकडे जाऊच शकत नव्हता. कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला उतरवायच्या, परत मोठ्या डब्यात भरायच्या, दोनदा हमाली. ट्रक आले तसा जिनिंगवाला म्हणाला काहून पाहिजे ही झंझट, एकदा भरलं की थेट मिलच्या दारात. त्यानं काही चूक केलं नाही. पण रूळ एकसारखे झाले तर आमची तूर, हरभरा, आन् वरच्या भागातला अचलपूर-परतवाड्याचा संत्रा थेट डब्यात चढू शकतो, बनोशाला मालधक्का ठेवला तर. आमच्याकडे खारपाणपट्टा आहे, बोअरचं पाणी पिकाला चालत नाही, बागायत फार कमी, जे काही पिकतं ते बाहेर विकल्याशिवाय पर्याय नाही आन् भाड्यातच मार बसतो.

२०१६ मधे सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेजची घोषणा झाली, दीड हजार कोटींचा आकडा सगळ्या पेपरात आला, आमच्याकडे फटाके पण फुटले. त्यानंतर काय झालं? उलट आधी यवतमाळकडची गाडी बंद पडली, मग अचलपूरकडचीही. तिकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड या नवीन लाइनवर २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब गाडी सुरू पण झाली, म्हणजे मनावर घेतलं तर होते. त्यांचं झालं याचा आनंदच आहे, पण तिथे जमीन नव्यानं घ्यावी लागली आन् आमच्याकडे रुळाची पट्टी तर तयार पडून आहे. तीही अशीच पडून राहिली तर हळूहळू वावरात आन् टपऱ्यांत जाईल, मग मोजणीला आलेला माणूस म्हणंल की जागाच नाही.

म्हणून संपादक साहेब, विनंती आहे की पुढच्या वेळी फोटो छापाल तेव्हा त्याच्या खाली खासदार-आमदारांना विचारून तीन गोष्टी छापा. ब्रॉडगेजचं काम आज कोणत्या टप्प्यावर आहे, बनोसा स्टेशनची जागा मोजून तिला कुंपण कधी होणार, आन् ब्रॉडगेज होईपर्यंत मूर्तिजापूरच्या रात्रीच्या गाड्या पाहून दर्यापूरसाठी एसटीची एखादी बस सोडता येते का. तिसऱ्याला तर दिल्लीची परवानगी पण लागत नाही.

आपला नेहमीचा वाचक,
एक शेतकरी, ता. दर्यापूर, जि. अमरावती