लॅपटॉप आले, आता सोबती शोध

पुणे,
रविवार

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शाळेला लॅपटॉप मिळाल्याची बातमी तू दोन ओळींत उरकलीस आणि पुढे पानभर काळजी लिहिलीस. ती काळजी मला पुरेपूर कळते. खोकी उघडताना फोटो निघतात, पाहुणे येतात, नारळ फुटतो. सोमवारी वर्गात मात्र तू, मुलं आणि ती यंत्रं एवढेच उरता. 'कोणतं प्रशिक्षण करू?' असं तू विचारलंस. प्रशिक्षण मिळेल ते कर, पण त्याआधी माणसं शोध. तुझीच इयत्ता शिकवणारी, तुझ्यासारखीच नवखी असली तरी चालतील, पण रात्री फोन केला तर वैतागणार नाहीत अशी दोन-तीन माणसं.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये सगळं सुरळीत चालतं गं. वीज असते, नेट असतं, समोर मोठी माणसं बसलेली असतात. खरी अडचण पुढे वर्गात येते आणि ती फार बारीक असते. आमच्याकडे मुलं मराठी टाइप करायला लागली आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' हे शब्द काही केल्या नीट उमटेनात. प्रत्येक वेळी रफारच यायचा. शेजारच्या शाळेतल्या एका बाईंनी फोनवर सांगितलं, इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये साधा र नको, शिफ्ट धरून 'J' ही कळ दाब, मग पाय मोडायला 'D', मग य. क्ष हवा तर शिफ्ट आणि सात. एवढ्यात काम झालं. त्याच आठवड्यात त्यांच्या मुलांनीही तिथेच अडखळून घेतलं होतं, म्हणून त्यांना उत्तर तोंडपाठ होतं. हे कुठल्या पुस्तिकेत शोधत बसणार तू?

बाहेरचे अनुभवही हेच सांगतात. पेरू देशात सरकारने खेड्यापाड्यांतल्या शाळांना 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमातले हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप हजारोंनी वाटले. पुढे 319 शाळांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2012 मध्ये आले. मुलांच्या हाती यंत्रं भरपूर आली होती, पण गणित आणि भाषेत फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या मेन राज्याने 2002 पासून सातवीच्या मुलांना लॅपटॉप दिले, तेव्हा शाळेतल्याच शिक्षकांपैकी काहींना इतरांच्या मदतीची जबाबदारी दिली. मला ते फार मोलाचं वाटतं. मदत करणारा त्याच इमारतीत, त्याच घंटेवर काम करणारा असतो. आणि लांब कशाला, हेच हिरवे लॅपटॉप 2007 मध्ये आपल्या रायगडातल्या खैराट धनगरवाड्यावर आले होते. ती शाळा एकशिक्षकी. तिथल्या शिक्षकाचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. अडलं तर शेजारच्या वर्गात डोकावायचं म्हटलं, तरी शेजारी वर्गच नाही.

तुझं तसं नाही. तुझ्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, इतर शाळा आहेत, शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. परिषदेत विषय काढत बसू नकोस, तिथे वेळ पुरत नाही. चहाच्या वेळी ज्यांच्या शाळेत लॅपटॉप आलेत त्यांना गाठ आणि थेट विचार, 'तुमची मुलं यावर नेमकं काय करतात?' जे उत्साहाने, तपशिलात सांगतील ती तुझी माणसं. 28 फेब्रुवारीला नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बीण केंद्रात विज्ञान प्रदर्शन भरतं, तिथे तुमच्या भागातल्या कितीतरी शाळा येतात. मुलांना घेऊन जातेसच, तर शिक्षकांशीही बोल.

आम्ही शनिवारी सकाळची शाळा सुटली की कुणाच्या तरी वर्गात जमतो. भाषणं नाहीत. एकाने झालेला एखादा तास सांगायचा, त्यातलं काय चाललं नाही तेही सांगायचं, आणि बाकीच्यांनी तो धडा आपल्या मुलांवर करून बघायचा. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर करून घेतली तेव्हा असंच झालं. एका सरांच्या वर्गात मुलं त्रिकोण ओढतच राहिली, बेरीज कुणी पाहिलीच नाही. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंनी, ज्यांना माऊस धरायचाही संकोच वाटायचा, त्यांनी उपाय सुचवला. आधी फळ्यावर प्रश्न लिहायचा, वहीत अंदाज लिहून घ्यायचा, मगच झाकण उघडायचं. आता आम्ही सगळे तसंच करतो. म्हणून तुझ्या शाळेतल्या जुन्या गुरुजींना बाजूला ठेवू नकोस हं. यंत्र तुला येईल, मूल कुठे अडणार हे त्यांना आधीच दिसतं.

चार्जिंगचं मात्र पहिल्या दिवसापासून बघ. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर सगळे लावू नका. वायरिंग जुनं असेल तर वायरमनला आधी दाखवून घ्या. नेटवर विसंबू नकोस. फेट (PhET) या संकेतस्थळावरचे विज्ञानाचे प्रयोग मराठीत आहेत, ते उतरवून ठेवले की नेटशिवाय चालतात. आमच्यातल्या एकाने ते पेन ड्राइव्हवर भरलेत, तुझ्यासाठी एक प्रत करून घेते.

मंजू, तू चांगली शिक्षिका आहेस, हे मी डी.एड.पासून बघतेय. तुझ्या वर्गातली मुलं प्रश्न विचारायला घाबरत नाहीत. तसं अडलेलं मोकळेपणी सांगता येईल अशी जागा तुलाही हवी. दिवाळीच्या सुट्टीआधी एखाद्या शनिवारी ये. स्वारगेटला उतरलीस की फोन कर, मी न्यायला येईन. येताना तुझ्या केंद्रातल्या कुणाला तरी बरोबर आण, म्हणजे परत गेल्यावर तिथे बोलायला माणूस असेल. आणि किती लॅपटॉप आलेत, वर्गात मुलं किती, हे कळव. गट कसे पाडायचे ते आमच्या बाईंना विचारून ठेवते.

आईंना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझीच,
वसू