सायकियाट्रीची सीट घेताना मुलांची ओपीडी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नीट पीजीचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेचं, काउन्सेलिंग आलं की दरवर्षी मला ज्युनियर पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, मॅडम सायकियाट्री (मानसोपचार) मिळतेय, कुठलं कॉलेज टाकू? यातल्या बऱ्याच जणांना पुढे लहान मुलांचंच काम करायचं असतं, म्हणजे ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष न टिकणं), शाळेचं नाव काढलं की पोटात दुखणारी मुलं, हातावर ब्लेड मारून घेणारे टीनेजर. पण चॉइस भरताना बघतात काय, तर शहर, स्टायपेंड, बाँड (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेचा करार) आणि मागच्या वर्षीचा कटऑफ. मी जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचाराची प्रॅक्टिस करते, म्हणून कळकळीने लिहितेय.

आधी रस्ता सांगते, कारण पालकांना तो माहीत नसतो. एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी सायकियाट्री, त्यानंतर मुलांच्या मानसोपचाराचं डीएम, म्हणजे एमडीच्या वरची सुपरस्पेशालिटी पदवी, ते अजून तीन वर्षं. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत हे डीएम 2011 ला सुरू झालं, पण देशभर मिळून या सीट इतक्या कमी आहेत की बहुतेकांना एमडीत जे शिकायला मिळेल त्यावरच आयुष्यभर मुलं तपासायची असतात. अमेरिकेत सायकियाट्री रेसिडेन्सीला जोडून दोन वर्षांची वेगळी फेलोशिप असते, तशी सोय इथे सगळ्यांना नाही. म्हणून एमडीचं कॉलेज निवडतानाच डोळे उघडे ठेवायला हवेत.

मुलांचं काम मोठ्यांसारखं नसतंच. चार वर्षांचा मुलगा बोलत नाही म्हणून आणलेला असतो, आई म्हणते मोबाइलमुळे झालं, आजी म्हणते याचा बापही उशिराच बोलला, आणि डॉक्टरने फरशीवर बसून त्याच्या हातात खेळण्यातली गाडी द्यायची आणि बघायचं की तो नुसतं चाक फिरवत बसतोय की गाडी आईला दाखवायला तिच्याकडे वळून बघतोय. हे पुस्तकात वाचून येत नाही, कुणीतरी सीनियर शेजारी बसून दाखवावं लागतं. शिवाय हे सगळं घरच्या भाषेत चालतं, त्यामुळे महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची असेल तर इथलं चांगलं डिपार्टमेंट लांबच्या नावाजलेल्या कॉलेजपेक्षा कधीकधी जास्त शिकवतं, असं माझं मत आहे.

म्हणून सीट लॉक करायच्या आधी तिथल्या रेसिडेंटला फोन करा, एचओडींना (विभागप्रमुखांना) नको, रेसिडेंटलाच. चाइल्ड गाइडन्स क्लिनिक, म्हणजे मुलांच्या मानसिक तक्रारींची ओपीडी, आठवड्यातून किती दिवस चालतं, आणि त्यात नुसती सर्टिफिकेटची लाइन असते की उपचारही होतात? दहावीच्या सवलतीसाठी अध्ययन अक्षमतेचं सर्टिफिकेट गरजेचंच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण तेवढंच करून तीन वर्षं गेली तर थेरपी कधी शिकणार? बिने-कामत ही बुद्ध्यांकाची टेस्ट करायला डिपार्टमेंटमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का? पीडियाट्रिक्स वॉर्डातून रेफरन्स येतात का? पॉक्सोची, म्हणजे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची, केस आली की त्या मुलाशी कसं बोलायचं हे कोण शिकवतं? मुलांच्या विषयावर थिसिस घ्यायला गाइड तयार असतात का? याची उत्तरं गोलमोल आली तर शहर कितीही आवडीचं असो, लिस्टमध्ये खाली टाका.

देशातलं पहिलं चाइल्ड गाइडन्स क्लिनिक 1937 ला मुंबईत, आज जिला आपण टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणतो त्या संस्थेत सुरू झालं, आणि तरी आजही आमच्याकडे आईबाप तालुक्यावरून एसटीने मुलाला घेऊन येतात कारण जवळपास बघणारं कुणी नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटात 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. एवढ्या मुलांना बघायला शिकलेले डॉक्टर लागतील ना?

आपला पेपर प्रवेशाच्या दिवसांत कटऑफ छापतो, त्याच्या शेजारी सायकियाट्रीच्या प्रत्येक कॉलेजात मुलांची ओपीडी कोणत्या वारी असते आणि तिथे शिकवायला कोण बसतं एवढं जरी छापलंत तरी खूप पोरांचा निर्णय सोपा होईल. वैद्यकीय शिक्षण विभागानेही ही माहिती प्रत्येक कॉलेजला वेबसाइटवर टाकायला लावावी, पहिला राउंड सुरू व्हायच्या आधी.

– एक मानसोपचारतज्ज्ञ, सोलापूर