रिकामी हेडर फाइल आणि केळीचा काटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याकडे काट्याची पावती काढणारा प्रोग्रॅम तीसेक वर्षांपूर्वी टर्बो सीमध्ये, म्हणजे डॉसवरच्या सी भाषेच्या कंपायलरवर लिहिलेला. डॉसवर चालणारे ते जुने मशीन यंदाच्या मे महिन्यात बसले. सोर्स कोड सुदैवाने हाती होता, म्हणून तो लिनक्सवर आणायचे काम मी घेतले आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या भाच्याच्या गळ्यात घातले.

दोन दिवसांत तो म्हणाला, ‘‘मामा, झालं.’’ कंपायलर (सोर्स कोडचा चालता प्रोग्रॅम करून देणारा) म्हणे कोनियो डॉट एच सापडत नाही. ही हेडर फाइल, म्हणजे कोणती तयार फंक्शन्स मिळतात ते कंपायलरला सांगणारी यादी; कोनियोत पडदा आणि कीबोर्डची फंक्शन्स. याने त्याच नावाची रिकामी फाइल करून ठेवली. डॉस डॉट एचची ओळ खोडली. पडदा पुसणाऱ्या क्लियरस्क्रीन आणि कळ वाचणाऱ्या गेटसीएचच्या ओळीही गेल्या. कंपाइल झाले! फक्त ट्रक काट्यावर आला, की पावतीवर वजनाच्या जागी भलताच आकडा.

दोष निघाला एटूएफ या फंक्शनमध्ये. अक्षरांतला ‘१८.४०’ दशांश संख्येत बदलून देणारे हे फंक्शन. टर्बो सीमध्ये ते मॅथ डॉट एचमध्येही जाहीर केलेले असायचे, लिनक्सवर मात्र फक्त स्टडलिब डॉट एचमध्ये. जुन्या प्रोग्रॅममध्ये मॅथची ओळ होती, स्टडलिबची नव्हती. मग फंक्शनची ओळखच नसल्याने कंपायलर सीच्या जुन्या रिवाजाप्रमाणे धरून चालला, की उत्तर पूर्णांकात येणार. वॉर्निंग दिली होती त्याने, पण भाच्याच्या मते वॉर्निंग म्हणजे काही एरर नव्हे! हा रिवाज सी भाषेच्या १९९९च्या प्रमाणाने (सी-९९) काढून टाकला, तरी लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर जीसीसी कित्येक वर्षे नुसती कुरकुर करत राहिला. २०२४च्या चौदाव्या आवृत्तीपासून तो थेट अडवतो. भाच्याच्या लॅपटॉपवर त्याआधीची आवृत्ती होती.

म्हणून सांगतो, हेडर सापडत नाही म्हटल्यावर ओळ खोडू नये. त्या फाइलकडून आपण काय घेत होतो ते पाहावे आणि ते आता कुठे मिळते ते शोधावे. अलॉक किंवा मॅलॉक डॉट एच असेल तर स्टडलिब, व्हॅर-आर्ग्ज असेल तर स्टडआर्ग, व्हॅल्यूज असेल तर लिमिट्स आणि फ्लोट. कोनियोला प्रमाणित सीमध्ये जोडीदारच नाही. तिथे लिनक्सवर पडदा आणि कीबोर्ड हाताळणाऱ्या टर्मिऑस किंवा एनकर्सेसने काम भागवावे लागते आणि तेवढा भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेला बरा. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी तर मॅलॉक डॉट एच ठेवली आहे ती केवळ ‘आता स्टडलिब वापरा’ असा एरर देण्यासाठी. दुकान हलवल्यावर जुन्या शटरवर पाटी लावतात तसे.

आपल्या खान्देशातल्या अनेक कॉलेजांत प्रॅक्टिकलची पहिली ओळ अजून कोनियोची असते, डॉसबॉक्समध्ये (नव्या मशीनवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणारे सॉफ्टवेअर) टर्बो सीचा निळा पडदा उघडून. निदान सगळ्या वॉर्निंग चालू करून जीसीसीवर एक प्रॅक्टिकल तरी घ्यावे, एवढी विनंती प्राध्यापक मंडळींना आपल्या दैनिकामार्फत पोहोचावी.

पावत्या आता बरोबर निघतात. जुन्या डेटा फाइलमधले सोळा बिटांचे पूर्णांक वाचायचे काम भाच्याकडेच दिले आहे.

आपला,
एक वाचक, भुसावळ