‘सर्व्हर हँग’ झाला म्हणजे नक्की कोण अडकलं, तेही विचारा की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात दाखल्यांच्या केंद्रावर ‘सर्व्हर हँग’ झाल्याने लोक सकाळपासून रांगेत ताटकळले अशी बातमी होती आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य, तांत्रिक कारणामुळे सेवा खंडित, मशीन रीस्टार्ट केल्यावर सुरळीत. मी गेली १५-१६ वर्षं लिनक्सचे (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) सर्व्हर सांभाळतोय, त्यामुळे हे वाक्य वाचलं की डोकंच उठतं. रीस्टार्ट केलं म्हणजे दुरुस्त झालं असं नसतं हो, आणि मशीन अडकलं तर कुठे अडकलं हे सांगायची सोय कर्नलमध्ये आधीपासून असते, फक्त ती बघायला कुणाला वेळ नसतो.

आता तुमच्या वाचकांना कर्नल म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो, कुठला प्रोग्राम प्रोसेसरवर किती वेळ बसणार हे ठरवणारा मुकादम. साधा प्रोग्राम येड्यासारखा गरगर फिरत बसला तर मुकादम त्याला उठवून दुसऱ्याला बसवतो, मशीन जरा स्लो होतं पण चालू राहतं. पण मुकादमच गरगरायला लागला, म्हणजे कर्नलच्या आतलाच एखादा ड्रायव्हर (डिस्क, नेटवर्क वगैरे चालवणारा कोड) लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारी किल्ली, मिळायची वाट बघत एका जागी गोल गोल फिरत बसला, तर त्याला कोण उठवणार? सर्व्हरवर सहसा असतात तसल्या कर्नलमध्ये तरी कुणीच नाही, तो प्रोसेसर गेलाच म्हणायचा.

म्हणून तिथे वॉचडॉग ठेवलेला असतो. आमच्या सोसायटीत रात्रीच्या वॉचमनने दर तासाला मागच्या गेटपाशी जाऊन वहीत सही करायची असा नियम आहे, तसंच अगदी. प्रत्येक प्रोसेसरवर दर ४ सेकंदांनी एक टायमर वाजतो, तो वाजला की एका सगळ्यात वरच्या मानाच्या छोट्या कामाला सांगतो की जा, वहीत आत्ताची वेळ टाकून ये. आणि पुढच्या खेपेला आला की बघतो, शेवटची सही कधीची आहे. २० सेकंदांहून जुनी असेल तर याचा अर्थ टायमर आत येऊ शकतोय पण बाकी कुणालाच प्रोसेसर मिळत नाहीये, याला म्हणतात सॉफ्ट लॉकअप. असल्या वेळी मजा अशी होते की बाहेरून पिंग केलं, म्हणजे नुसतं ‘आहेस का’ विचारलं, तर उत्तर येतं, सगळे म्हणतात सर्व्हर तर चालू आहे, पण लॉगिन करायला जा, पासवर्ड टाकला की पुढे ढिम्म.

दुसरा प्रकार याहून वाईट. कुणीतरी इंटरप्टच (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारी हाक) बंद करून बसलं, तर टायमरसुद्धा आत येऊ शकत नाही, मग वही तपासणार कोण? त्यासाठी एनएमआय नावाचा इंटरप्ट असतो, जो बंदच करता येत नाही. प्रोसेसरच्या आतला एक काउंटर मोजत राहतो आणि साधारण १० सेकंदांनी हा एनएमआय मारतो, तो येऊन एवढंच बघतो की मागच्या वेळेपासून टायमर एकदा तरी वाजला का. नसेल वाजला तर हार्ड लॉकअप. म्हणजे वॉचमन सही करतो का ते सेक्रेटरी बघणार आणि सेक्रेटरी शुद्धीवर आहे का ते बघायला तिसराच माणूस! काही प्रोसेसरवर अशी एनएमआयची सोय नसते, तिथे २०२३ मध्ये आलेल्या ६.५ कर्नलपासून शेजारचा प्रोसेसर बाजूच्याच्या टायमरवर नजर ठेवतो. आपल्या चाळीत असतं तसंच, बाजूच्यांचं दार दोन दिवस उघडलं नाही की शेजारीच कडी वाजवतात.

हे काही काल-परवाचं नाही. सॉफ्ट लॉकअप पकडायचा कोड लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्या इंगो मोलनार यांनी २००५ मध्ये लिहिला, २०१० मध्ये डॉन झिकस यांनी दोन्ही प्रकार एका जागी आणले. तेव्हापासून लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर तो गुपचूप बसलेला आहे, आणि आपण म्हणतोय तांत्रिक कारण.

लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या रोजनिशीत, जी ओळ येते ती साधारण अशी, ‘बग: सॉफ्ट लॉकअप, सीपीयू ३ स्टक फॉर २२ सेकंद’ आणि पुढे कंसात त्या वेळी तिथे बसलेल्या प्रोसेसचं नाव. मला खूप वर्षं कोडं होतं की तपासणी दर ४ सेकंदांनी, मर्यादा २० ची, मग आमच्याकडे सारखा २२ चाच आकडा का दिसतो. मग एकदा सोर्स उघडून बघितला तर कर्नल तिथे नॅनोसेकंदांचे सेकंद करायला अब्जाने भागतच नाही, नुसता आकडा ३० बिट सरकवतो, म्हणजे अब्जाहून थोड्या मोठ्या आकड्याने भागल्यासारखं, भागाकाराचा वेळ वाचवायला. त्यामुळे त्याचा सेकंद आपल्यापेक्षा सात टक्के मोठा, आपले २४ म्हणजे त्याचे २२. वाण्याच्या जुन्या वजनासारखं आहे, पण चालतं, इथे कुणाला सोनं मोजायचंय!

आणि त्या कंसातल्या नावावर लगेच खापर फोडू नका, हे मी नव्या पोरांना दहा वेळा सांगतो. नाव येतं ते बहुतेकदा वाट बघणाऱ्याचं, लॉक धरून बसलेला चोर दुसऱ्याच प्रोसेसरवर असतो. सगळ्या प्रोसेसरचा ट्रेस (कोण कोडमध्ये नेमका कुठे आहे त्याची नोंद) छापायची सेटिंग आहे ती चालू ठेवली तर दोघंही एका फोटोत सापडतात.

आता माझीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीचं काम बघायचो, तिथे एका व्हर्च्युअल मशीनवर (एका खऱ्या मशीनच्या पोटात चालणारं नकली मशीन) रात्री-अपरात्री हे सॉफ्ट लॉकअपचे मेसेज यायचे, माझा फोन वाजायचा, बायको उठायची, उघडून बघावं तर सगळं चालू. खरं कारण असं होतं की खालच्या खऱ्या मशीनवर ऐपतीपेक्षा जास्त व्हर्च्युअल मशीन कोंबलेली होती, म्हणजे आमचा माणूस झोपला नव्हता, त्याची खुर्चीच कुणीतरी काढून घेत होतं. मेसेज खोटा नव्हताच. पण मी काय केलं, वॉचडॉगची मर्यादा १० वरून ६० केली, त्याच्यावर नेता येतच नाही म्हणून, नाहीतर तीही नेली असती. सॉफ्ट लॉकअपची मर्यादा तिच्या दुप्पट असते म्हणजे झाले १२० सेकंद. फोन शांत, बायको खूश, मीही खूश.

तीन आठवड्यांनी महिनाअखेरीला पगाराच्या दिवशी मशीन खरोखर अडकलं. पावणेअकरा वाजले होते, अकाउंट्सचे लोक माझ्या डोक्यावर उभे, कन्सोल उघडला तर एंटर दाबलं की कर्सर खाली जातोय पण बाकी काही नाही, आणि मेसेज एकही नाही, कारण १२० सेकंद व्हायच्या आत मीच घाबरून पॉवर बंद करून चालू केली होती. झालं, चाललं पण. संध्याकाळी परत तेच. तेव्हाही पुरावा शून्य. तिसऱ्या वेळी मर्यादा परत १० वर आणून वाट बघत बसलो तेव्हा कुठे ट्रेस मिळाला आणि कळलं की स्टोरेजच्या ड्रायव्हरमध्ये लॉक अडकतोय, तो ड्रायव्हर बदलल्यावर संपला विषय. दोन वेळा लोकांचे पगार लटकले ते माझ्या शांत झोपेपायी.

रीस्टार्टने भागत नाही याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर मंगळावरचं आहे. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर तिथे उतरलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला, प्रत्येक वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम बोंबललं. हवामानाची माहिती गोळा करणारं खालच्या मानाचं काम एक लॉक धरून बसायचं, मधल्या मानाची कामं त्याला पुढे सरकू द्यायची नाहीत, आणि त्या लॉकसाठी वरच्या मानाचं महत्त्वाचं काम खोळंबायचं, मग ते वेळेत झालं नाही हे बघून देखरेख करणारा कोड मशीन रीसेट करायचा. म्हणजे वॉचडॉगने आपलं काम चोख केलं, पण रीसेटने रोग गेला नाही. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या मशीनवर ट्रेस चालू ठेवून तोच घोळ पुन्हा घडवून आणला, कारण पकडलं आणि एक सेटिंग बदलून इथूनच पाठवली. मंगळावर जाऊन प्लग काढता येत नव्हता म्हणून असेल कदाचित, आपल्याकडे प्लग हाताशी असतो हाच प्रॉब्लेम आहे.

लॅपटॉपची बॅटरी वाचवायला एनएमआय वॉचडॉग बंद करा असा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो, लॅपटॉपला ठीक आहे, घरातलं मशीन, काय बिघडतं. पण तीच ओळ लोक सर्व्हरवर चिकटवतात. उलट सर्व्हरवर लॉकअप दिसला की कर्नलने स्वतःहून पॅनिक व्हावं, म्हणजे सगळं काम थांबवावं, मेमरीचा फोटो डिस्कवर ठेवावा आणि मग स्वतःच रीबूट व्हावं अशी सेटिंग करता येते, तेवढीच मिनिटं जातात पण हातात काहीतरी राहतं. नुसता हार्डवेअरचा वॉचडॉग, जो ठरलेल्या वेळात कुणी हटकलं नाही की सरळ रीसेट मारतो, तो असावाच, पण त्याला विचारायला गेलात तर तो काही सांगणार नाही, त्याला माहीतच नसतं.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी बातमी करताना तुमच्या बातमीदाराने अधिकाऱ्यांना आणखी एक प्रश्न टाकावा, लॉगमध्ये शेवटची ओळ काय होती? उत्तर नाही आलं तर तेही छापा, लोकांना कळू दे.

आणि हो, हे पत्र लिहायला बसायच्या आधी मी सध्या सांभाळतो ती सगळी मशीन तपासली, एका जुन्यावर ती ६० वाली ओळ अजून होती, माझ्याच हातची, तारखेसकट. काल रात्री १० केली.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे