शिआन प्रकरणानंतर त्या दोन सैन्यांचे काय झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिआन प्रकरणाविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा २५ डिसेंबर १९३६ या दिवशी थांबते. १२ डिसेंबरला झांग श्वेलियांग आणि यांग हुचेंग या सेनानींनी चीनच्या नानकिंग येथील राष्ट्रीय सरकारचे नेते चँग कै-शेक यांना शिआन शहरात अटक केली, यादवी थांबवून जपानशी लढण्याची मागणी केली, दोन आठवड्यांच्या आत त्यांना सोडले आणि पुढे नानकिंग सरकार व कम्युनिस्ट यांची जपानविरोधी आघाडी झाली, एवढे वाचकाला कळते. हे ज्यांच्या बळावर घडले त्या दोन प्रांतिक सैन्यांची, म्हणजे झांग यांच्या ईशान्य सेनेची आणि यांग यांच्या १७ व्या रूट आर्मीची, मात्र कुणी दखल घेत नाही. माझ्या मते त्या आघाडीसाठी सर्वांत आधी बळी गेला तो त्यांचाच.

झांग यांची ईशान्य सेना मूळची मांचुरियाची, म्हणजे ईशान्य चीनची. सप्टेंबर १९३१ मध्ये जपानने तिथले मुकडेन शहर घेतले तेव्हा ती प्रतिकार न करता मागे हटली आणि घरदार शत्रूच्या हाती सोडून आलेले हे सैनिक १९३५ मध्ये शिआन ज्यात येते त्या शेन्सी प्रांतात कम्युनिस्टांशी लढायला पाठवले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात कम्युनिस्टांच्या लाल सेनेने त्यांच्या ११० आणि १०९ क्रमांकाच्या डिव्हिजन गारद केल्या. नानकिंगने त्या पुन्हा उभ्या करून देण्याऐवजी त्यांचे क्रमांकच रद्द केले. प्रांतिक सैन्ये संपवण्याची हीच रीत होती : लढाईत झीज होऊ द्यायची, नवी भरती आणि पैसा अडवायचा आणि उरलेल्यांना इतर तुकड्यांत वाटून टाकायचे. शिआनच्या बंडामागे देशप्रेमाबरोबर ही धास्तीही होती, आणि ती मान्य केल्याने त्या देशप्रेमाला उणेपणा येतो असे मला वाटत नाही.

खरा घात झाला तो चँग यांच्या सुटकेनंतर. झांग स्वतः त्यांना पोहोचवायला नानकिंगला गेले. ३१ डिसेंबरला लष्करी न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. काही दिवसांत माफी जाहीर झाली, पण नजरकैद अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकली. लाखाहून मोठे सैन्य असे एकाएकी पोरके झाले. तरुण अधिकारी म्हणत होते की झांग परत येईपर्यंत माघार नाही, तर ज्येष्ठ सेनापतींना तडजोड हवी होती. २ फेब्रुवारी १९३७ रोजी तरुणांच्या गटाने ६७ व्या कोअरचे प्रमुख वांग यिझे यांना शिआनमध्ये गोळ्या घालून ठार केले. ज्यांच्या सुटकेसाठी हा खून झाला, त्यांच्या सुटकेची उरलीसुरली आशाही त्याने संपवली. आघाडीवरच्या तुकड्या सूड घेण्यासाठी मागे वळल्या आणि त्या सूडात गाओ फुयुआन हा अधिकारीही मारला गेला. कम्युनिस्टांच्या कैदेतून परतून झांग आणि त्यांच्यात पहिला दुवा जोडणारा तोच होता. त्यानंतर ईशान्य सेनेला शेन्सीतून हलवून होनान, आन्हुई आणि उत्तर कियांगसू या भागांत विखरून टाकणे नानकिंगला सोपे गेले.

या तुकड्या जपानशी लढल्या, हे मुद्दाम सांगायला हवे. शांघायच्या पाडावाच्या वेळी नोव्हेंबर १९३७ मध्ये सुंगकियांग येथे माघारी येणाऱ्या सैन्याला वाट मोकळी ठेवताना ६७ व्या कोअरची धूळधाण झाली, तिचे नवे प्रमुख वू केरेन मारले गेले आणि मग कोअरचा क्रमांकही रद्द झाला. शांतुंगमधील १११ व्या डिव्हिजनने ऑगस्ट १९४२ मध्ये उठाव केला आणि तिचा मोठा भाग कम्युनिस्टांना जाऊन मिळाला. ५३ वी कोअर युन्नानपर्यंत गेली आणि १९४४ मध्ये साल्वीन नदी ओलांडून, आसामातील लेडोहून येणारा रस्ता चीनला जोडण्यासाठी झालेल्या मोहिमेत लढली. महायुद्धानंतर ती मांचुरियात परत पाठवली गेली, ती नव्या यादवीसाठी. नोव्हेंबर १९४८ मध्ये शेनयांगमध्ये, म्हणजे पूर्वीच्या मुकडेनमध्येच, तिने शस्त्रे खाली ठेवली.

यांग हुचेंग यांना आधी परदेशी धाडण्यात आले. जपानशी युद्ध पेटल्यावर ते लढण्यासाठी परतले, तर त्यांना कैद झाली आणि सप्टेंबर १९४९ मध्ये चुंगकिंग येथे मुलांसह त्यांची हत्या झाली. त्यांची १७ वी रूट आर्मी ३८ व्या कोअरमध्ये रूपांतरित होऊन पीत नदीकाठच्या चुंगतियाव डोंगरात झुंजली. पुढे तिच्याही काही तुकड्या कम्युनिस्टांकडे गेल्या. याउलट, त्याच १९३६ च्या उन्हाळ्यात नानकिंगविरुद्ध उभी राहिलेली क्वांगसीची सेना टिकली, कारण ली झुंगरेन आणि पाय चुंगशी हे तिचे नेते आपल्या प्रांतात राहून वाटाघाटी करत राहिले.

मराठी वाचकाला याचा एक धागा जवळचा आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये ५३ व्या कोअरची एक रेजिमेंट ल्यू झेंगत्साव यांच्या नेतृत्वाखाली दक्षिणेकडील माघारीतून वेगळी झाली, मध्य होपेमध्येच थांबली आणि नंतर कम्युनिस्टांच्या एट्थ रूट आर्मीत सामील झाली. हा भाग ज्या शान्सी-चाहार-होपे लष्करी विभागात मोडत होता, त्याच विभागात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जखमींवर उपचार करत होते आणि तिथेच डिसेंबर १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले. आपण डॉ. कोटणीसांची आठवण दरवर्षी काढतो; ते ज्या सैन्यात राबले, त्याच्या घडणीत मांचुरियाच्या या बेघर सैनिकांचाही वाटा होता. येत्या डिसेंबरात शिआन प्रकरणावर लेख छापाल, तर ईशान्य सेना आणि १७ व्या रूट आर्मीच्या पुढच्या वाटचालीलाही त्यात जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर