तक्रार: थंड बॅरलमधून पहिली गोळी दर वेळी भलतीकडे जाते आणि तुमचा रिपोर्ट म्हणतो रायफल ओके

नमस्कार सर,

फोनवर तुम्ही म्हणालात की मराठीतच सविस्तर लिहा, मी स्वतः वाचतो आणि टेस्टिंगच्या लोकांशी बोलतो, म्हणून लिहितोय. आधीच्या इंग्रजी मेलना सपोर्टकडून नुसती साचेबंद उत्तरं आली, एकानेही मुद्दा वाचलेला दिसला नाही.

रायफल तुमची बोल्ट अ‍ॅक्शन, .३०८ विंचेस्टर काडतुसाची, पातळ हंटिंग बॅरल (नळी), काळा प्लास्टिकचा स्टॉक (दस्ता). तुमची गॅरंटी आहे १ एमओए, म्हणजे १०० यार्डांवर साधारण एका इंचात तीन गोळ्या. आणि तीन गोळ्या येतात एका इंचात, ते मी नाकारत नाहीये, पण कधी येतात तर पहिली गोळी मारून झाल्यावर. रायफल रात्रभर पडून राहिली, बॅरल पूर्ण थंड आहे, अशा वेळी पहिली गोळी वर आणि उजवीकडे जाते, कधी दोन इंच, कधी तीन, कधी नुसतीच वर, आणि मग पुढच्या गोळ्या गुपचूप एका जागी बसतात. प्रथमग्रासे मक्षिकापात म्हणतात तसं झालंय.

तुमच्याकडे वॉरंटीत पाठवली तर ती परत आली एका टार्गेटसकट, त्यावर लिहिलं होतं फाउलिंग शॉट्स (साफ बॅरलमधे काजळी बसावी म्हणून आधी मारायच्या गोळ्या) मारून घेतले, मग तीन शॉट, ग्रुप म्हणजे तिन्हींचा पसारा ०.८ इंच, रायफल स्पेकमधे. अहो पण माझी तक्रारच त्या फाउलिंग शॉट्समधल्या पहिल्या शॉटबद्दल आहे! तोच तुम्ही मोजला नाहीत.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे २०१९ पासून रायफलचा डिअर सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी चालू होतो, थंडी मरणाची असते, उजाडायच्या आधी जाऊन स्टँडवर बसायचं, तासन्‌तास हलायचं नाही, आणि हरिण आलं तर एक शॉट मिळतो. तो शॉट नेहमी थंड बॅरलचाच असतो. जंगलात बसून बॅरल गरम करायला आधी चार गोळ्या कोण मारणार? टार्गेट रायफलवाल्याला ग्रुपचा उपयोग असेल, शिकाऱ्याला पहिली गोळी कुठे जाते एवढंच पाहिजे.

आता तुमच्या सपोर्टने जी कारणं दिली ती घेतो. पहिलं म्हणे बॅरलमधे तेल राहिलं असेल. तेल असलं की पहिली गोळी भटकते हे मलाही माहीत आहे, म्हणून तर साफ केल्यावर मी तेल पूर्ण पुसून काढतो, रेंजवर गोळ्या मारून बॅरल परत फाउल करतो आणि तशीच ठेवून देतो. म्हणजे मी बोलतोय ते स्वच्छ बॅरलबद्दल नाही, फाउल झालेल्या पण थंड बॅरलबद्दल, या दोन गोष्टी तुमचा सपोर्ट सारखा एकत्र करतोय. दुसरं म्हणे थंडीने काडतुसातल्या दारूचा जोर आणि म्हणून गोळीचा वेग बदलतो. थंडीत वेग कमी होतो, मग गोळी गेलीच तर खाली जाईल, माझी वर जातेय, आणि १०० यार्डांवर त्याने असा किती फरक पडणार. शिवाय उन्हाळ्यातही हेच होतं. तिसरं म्हणे पहिल्या शॉटला शूटर दचकतो. माझ्या मित्राने मारून बघितली, त्याचीही पहिली गोळी तिकडेच. माझ्या जुन्या रायफलची पहिली गोळी, त्याच बेंचवरून, त्याच कंपनीच्या १५० ग्रेनच्या गोळ्या, सरळ ग्रुपमधे जाते. स्कोप बदलला, स्कोपचे रिंग-बेस तपासले, स्टॉकचे स्क्रू टॉर्क रेंचने तुमच्या मॅन्युअलच्या आकड्यालाच आवळलेत.

खरी गडबड कुठे आहे ते मला वाटतं मी बघितलंय. बॅरल फ्री-फ्लोट आहे, म्हणजे स्टॉकला कुठे टेकत नाही, असं तुम्ही म्हणता. डॉलरची नोट बॅरल आणि स्टॉकच्या मधे सरकवून बघा. रायफल हातात धरली तर नोट रिसीव्हरपर्यंत, म्हणजे बॅरल जिथे मागे बसवलेली असते तिथपर्यंत, आरामात जाते. पण पुढून सँडबॅगवर ठेवून खांद्याने जरा भार दिला की नोट स्टॉकच्या पुढच्या टोकापासून दोनेक बोटांवर अडकते, खालून डाव्या बाजूला, ओढली तर निघत नाही. म्हणजे तुमचा प्लास्टिकचा स्टॉक वाकून बॅरलला टेकतोय आणि तिला वर-उजवीकडे ढकलतोय. एक गोळी मारली की त्याच सँडबॅगवर, तेवढ्याच भाराने नोट मोकळी जाते. माझा अंदाज असा की रिकॉइलने, म्हणजे गोळी सुटल्यावरच्या धक्क्याने, अ‍ॅक्शन (बोल्टसकट मधला धातूचा भाग) मागे सरकून रिकॉइल लग, म्हणजे तो धक्का स्टॉकवर घेणारा खालचा खुंट, नीट बसतो, आणि मग केसमधे घालून गाडीत हादरे बसले की परत सगळं हलतं. तुमच्या इंजिनिअरने मला चूक ठरवावं, पण रायफल बघून ठरवावं.

सपोर्टवाले म्हणाले मग थंड शॉटलाच झिरो करा, म्हणजे तो जिथे लागतो तिथेच स्कोपचा नेम जुळवा. तो शॉट दर वेळी एकाच जागी जात असता तर केलंही असतं. तो जातच नाही, आणि तसा झिरो केला तर पहिल्या गोळीने जखमी झालेल्या हरणाला लगेच दुसरी मारायची वेळ आली की ती भलतीकडे जाणार. हिशोब साधा आहे, १०० यार्डांवर अडीच इंच म्हणजे २०० यार्डांवर पाच इंच, आणि हरणाची हृदय-फुप्फुसाची जागा साधारण आठ इंचांची. मधोमध नेम धरला तरी गोळी बाहेर. मग ते जनावर पोटात नाहीतर पाठीत गोळी घेऊन झाडीत पळतं आणि कुठेतरी तडफडून मरतं. मला ते नकोय. गेल्या सीझनला शेताच्या कडेला बक (नर हरिण) आडवा उभा होता, वारा नव्हता, अंतर २०० यार्डांच्या आसपास, आणि मी ट्रिगरला बोट लावलं नाही, कारण या रायफलवर माझा विश्वासच नाही. हजारभर डॉलर देऊन हे ऐकून घ्यायचं की स्पेकमधे आहे?

मला काय हवंय ते सांगतो. स्टॉक बदला किंवा अ‍ॅक्शन नीट बेड करून द्या, म्हणजे ती स्टॉकमधे न हलता घट्ट बसेल अशी बसवून द्या, आणि नंतर रायफल रात्रभर थंड ठेवून, दर वेळी एकच गोळी, असं वेगवेगळ्या दिवशी एकाच टार्गेटवर मारून ते टार्गेट मला पाठवा. त्या थंड गोळ्या आणि गरम ग्रुप एका जागी नसतील तर रायफल बदलून द्या नाहीतर पैसे परत करा. आणि १ एमओए हा आकडा गरम बॅरलचा आहे हे जाहिरातीत स्पष्ट लिहा, घेणाऱ्याला ते कळायलाच पाहिजे.

माझी टार्गेटं, तारखा आणि तपमानासकट, स्कॅन करून जोडतोय. अडकलेल्या नोटेचा फोटो पण आहे. वॉरंटीसाठी रायफल मी थेट तुम्हाला पाठवू शकतो, मधे डीलर लागत नाही, तेव्हा शिपिंग लेबल ईमेल करा, आणि यावेळी खर्च तुमचा. ऑक्टोबरच्या आत काम झालं पाहिजे, नंतर सीझन तोंडावर येतो.

तुमचा एक ग्राहक,
पेनसिल्व्हेनिया