दहा आकडे मोजायला लावणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही. चारचौघांत कौतुक केलेलं तुम्हाला आवडत नाही, हे ठाऊक आहे. तुमच्या समोरच्या खुर्चीत माझ्यासारखे कितीतरी जण बसून गेले असतील, तेव्हा मी त्यातला नेमका कोण हे कळायला एक खूण देतो: "किती टक्के?" असं दर खेपेला विचारणारा.

हो, तोच मी. ही, माझी बायको, जिन्यावरून पडली त्या रात्रीपासून मी आकड्यांना धरून होतो. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला होता, आत रक्त साकळलं होतं, ऑपरेशन झालं. आयसीयूच्या दाराशी मला पहिला आकडा मिळाला: सहा. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे याचं माप. १९७४ साली ग्लासगोमधल्या टीसडेल आणि जेनेट या दोघा डॉक्टरांनी मांडलेली ही मोजपट्टी मी त्या आठवड्यात तोंडपाठ केली. डोळे उघडण्याचे ४ गुण, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, एकूण १५. आणि सगळ्यात कमी आकडा शून्य नाही, ३ आहे. या तीनने मला उगाचच धीर दिला. ज्या परीक्षेत शून्य मिळतच नाही तिच्यात कोणी पुरतं नापास कसं होईल? (पहाटे बाकड्यावर बसलेला माणूस काय वाट्टेल ते तर्क लढवतो.)

सहाचे आठ झाले, आठाचे अकरा, आणि एक दिवस पंधरा. सगळ्यांनी अभिनंदन केलं. पंधरापैकी पंधरा मिळवून माझी बायको घरी आली, दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाच्या कडेवर बसली, आणि दुपारपर्यंत तशीच बसून राहिली.

डोळे उघडतात का, विचारल्यावर नीट उत्तर येतं का, सांगितल्यावर हात हलतो का, एवढंच ती मोजपट्टी बघते. दात घासायचे आहेत हे आपणहून सुचतं का, हा प्रश्न तिच्यात नाहीच. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, पंधराच्या आनंदात मी ऐकलं नसेल.

हिला घेऊन तुमच्याकडे उपचारांना आलो तेव्हा चार महिने झाले होते आणि मी आतून पार कडू झालो होतो. एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा महिन्यांत काय व्हायचं ते होईल, पुढे फारशी आशा धरू नका. म्हणजे माझ्या हिशेबाने दोन महिने उरले होते. म्हणून मी घाई करत होतो. हिला उठवायचं, ब्रश हातात द्यायचा, हात धरून तोंडापर्यंत न्यायचा, बटणं लावायची, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही मीच द्यायचं. आणि संध्याकाळी तिच्यावरच ओरडायचं, "जरा मनावर घे ना!"

मी तुम्हाला म्हणालो होतो, ही आळशी झाली आहे. तुम्ही रागावला नाहीत. शांतपणे विचारलंत, "आळशी माणसाला काम टाळल्याचं थोडं तरी सुख होतं. हिला होताना दिसतं का?"

मी हिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुख नव्हतं, दुःखही नव्हतं. ती फक्त वाट बघत होती, आणि कशाची ते तिलाही माहीत नव्हतं. काम सुरू करणं हेच मेंदूचं एक वेगळं काम आहे, ते पुढच्या भागाकडे असतं आणि तिथेच मार बसला आहे, हे तुम्ही मग समजावलंत. पण त्या एका प्रश्नाने माझं काम आधीच झालं होतं. चार महिने मी तिच्या जखमेवरच चिडत होतो.

मग मी अर्थातच विचारलं, "किती टक्के बरी होईल?"

"टक्के मला सांगता येत नाहीत. तुम्ही मला एक सांगा, ब्रश समोर ठेवल्यापासून तिचा हात पुढे यायला किती वेळ लागतो?"

मला माहीत नव्हतं. हात पुढे येईपर्यंत मी कधी थांबलोच नव्हतो.

"दहा आकडे मोजा," तुम्ही म्हणालात, "मनात. ओठ हलवायचे नाहीत, ती तिकडेच बघत बसेल. निरोप आता आडवाटेने जातो आहे, पोचायला वेळ लागतो. तुम्ही मध्येच दुसरा निरोप पाठवता आणि पहिला वाटेतच हरवतो."

ताई, दहा आकडे हे प्रकरण किती लांबलचक असतं! पहिल्या दिवशी मी सातवर हरलो आणि ब्रश तिच्या हातात कोंबला. दुसऱ्या दिवशी पाठ फिरवून उभा राहिलो. आठवड्याने तुम्ही दहाचे तीस केलेत, आणि आरशाशेजारी चार चित्रं लावायला सांगितलीत: नळ, ब्रश, पेस्ट, टॉवेल. रोज तोच क्रम, रोज तीच जागा, मध्ये बोलायचं नाही. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी मी चौतीसपर्यंत आलो होतो आणि हिचा हात उठला. आधी चित्राला बोट लावलं, मग ब्रशला. ३४. मी तो आकडा कॅलेंडरवर लिहिला आणि बाथरूमचं दार लावून रडलो. महिन्याने तिथे १९ लिहिले. ज्या दिवशी ती थकलेली असे त्या दिवशी परत ५० व्हायचे, आणि तुम्ही म्हणायचात, तोही आकडा लिहा, खोडू नका.

सहा महिन्यांची मुदत तुम्ही एका वाक्यात उडवलीत. सुरुवातीचे महिने सुधारणेचा वेग जास्त असतो हे खरं, पण त्यानंतर दार बंद होत नाही, काही जणांत पुढे वर्षानुवर्षं बदल होत राहतो. मात्र "सगळं पहिल्यासारखं होईल" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. नातेवाईक दिवसातून तीनदा म्हणत. त्यांच्या बोलण्याने मला एकटं वाटायचं, तुमच्या न बोलण्याने नाही.

एकदा मी भेदरून आलो होतो. रात्री जागून फिनियस गेजची हकिगत वाचली होती. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेचा मार्ग तयार करताना सुरुंगाची लोखंडी पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली, तो वाचला, पण स्वभाव इतका बदलला की ओळखीचे म्हणू लागले, हा आता गेज राहिला नाही. हिचंही असंच होणार का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "पुढचं वाचलंत का?" नव्हतं वाचलं. पुढे हा माणूस चिली देशात गेला आणि कित्येक वर्षं प्रवासी घोडागाडी हाकत होता. बरेच घोडे, ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा, रोज तेच काम. त्या बांधून दिलेल्या दिनक्रमानेच त्याला सावरलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. अपघातानंतर अकरा-बारा वर्षांतच तो फिट्स येऊन गेला, तेही तुम्ही लपवलं नाहीत. त्या रात्री घरी येऊन मी आरशाशेजारच्या चार चित्रांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

आणि तो दिवस. ही आत व्यायाम करत होती, मी बाहेर तुम्हाला म्हणालो, "मला माझ्या बायकोची आठवण येते." म्हटलं आणि लाजेने मेलो. ती दहा पावलांवर होती, जिवंत होती, लोक मला नशीबवान म्हणत होते. जी आधीच्या काळात माझ्या अर्ध्या वाक्यावरून विनोद करायची तिच्यासाठी मी सुतक पाळत होतो, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. तुम्ही सांगितलंत की या दुःखाला नाव आहे. माणूस समोर असून हरवलेलं असणं, याचा अभ्यास पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकी बाईंनी १९७० च्या दशकापासून केला आहे. तुम्ही म्हणालात, "तिची आठवणही येऊ दे आणि हिला दहा आकडेही मोजा. दोन्ही एकाच दिवशी चालतं." त्या वाक्यावर मी आजवर दिवस काढतो आहे.

(तुम्ही मला आठवड्यातून एक दुपार घराबाहेर काढलंत, त्याचे आभार वेगळे. मेव्हणी येऊन बसायची आणि मी बागेत नुसता झोपायचो.)

आता हाल सांगतो. अपघाताला तीन वर्षं होतील. हिला वास येत नाही, तो बहुधा येणारही नाही. नोकरी गेली. संध्याकाळी मेंदू थकतो तेव्हा दोन माणसं एकदम बोलली की ती कानांवर हात ठेवते, म्हणून पाहुणे आम्ही एकेक करून बोलावतो. कधी फटकन लागेल असं बोलते आणि विसरते, मी विसरत नाही. सकाळची चित्रं मात्र गेल्या वर्षी तिनेच काढून टाकली. "भिंत खराब दिसते," म्हणाली.

परवाची गोष्ट सांगायची म्हणून खरं तर हे पत्र. मी कपाटाचं दार उघडून उभा होतो. काय घ्यायला आलो तेच आठवेना, आणि माझी माझ्यावरच चिडचिड सुरू झाली. मागून कसलाच आवाज नाही. वळून पाहिलं तर ही पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती आणि बोटं एकेक करून दुमडत होती. ओठ हलत होते, ती चूक तिने केली. सहा. सात. आठवर मला आठवलं: टॉवेल.

आपला,
"किती टक्के?"वाला